ग्राफ थिअरीपासून एआयपर्यंत संशोधन करताय? मग या चुका टाळा

एप्रिल उजाडला की माझ्याकडे काळ्या बाइंडिंगचे, सोनेरी अक्षरांचे रिपोर्ट यायला लागतात. पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजं किती आणि त्यांतले प्रोजेक्ट किती, हा हिशोब मी कधीच सोडून दिलाय. परीक्षक म्हणून बोलावलं की जाते, चहा-बटाटेवडा घेते आणि त्याच त्या चुका बघून घरी येते. विषयांची फॅशन बदलते. मध्यंतरी सगळ्यांना ब्लॉकचेन हवं होतं, आता सगळ्यांना एआय हवंय. चुका मात्र पिढीजात आहेत. त्यातल्या दोन-तीन माझ्या फारच डोक्यात जातात, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिते.

सत्त्याण्णव टक्के आले? आधी घाबरा

दोन वर्षांपूर्वी तीन मुलं आली होती. कात्रज ते शिवाजीनगर बस वेळेत पोचणार की उशिरा, हे आधीच सांगणारं मॉडेल. मुलं कष्टाळू. तीन आठवडे स्वतः बसमधून हिंडून, बहुतेक वेळा उभ्याने, मोबाइलच्या जीपीएसने दर दहा सेकंदांची नोंद केलेली. पहिल्याच स्लाइडवर भल्यामोठ्या अक्षरांत: अचूकता ९७ टक्के.

मी म्हटलं, "सातारा रोडवर वीस वर्षं काढलेल्या कंडक्टरला जे सांगता येत नाही, ते तुम्हाला शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा कळतं? डेटाची फाइल उघडा बघू."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. स्लाइड्स होत्या, व्हिडिओ होता, पण फाइल उघडून दाखवायची वेळ येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. शेवटी उघडली. दोन ओळींवर बोट ठेवलं. एकीची वेळ ९:१४:२०, दुसरीची ९:१४:३०. बस जेधे चौकात सिग्नलला उभी, त्यामुळे अक्षांश-रेखांश जवळपास तेच. पहिली ओळ ट्रेनिंगमध्ये, म्हणजे मॉडेलला शिकवायला गेलेली, दुसरी टेस्टमध्ये, म्हणजे त्याची परीक्षा घ्यायला. आणि 'उशीर झाला' हा शिक्का त्या फेरीच्या सगळ्या ओळींवर सारखाच. सगळ्या ओळी पत्त्यांसारख्या पिसून ऐंशी-वीस वाटल्या होत्या. मॉडेलला वाहतूक कळायची काही गरजच उरली नव्हती. ही ओळ कुठल्या फेरीतली आहे एवढं ओळखलं की उत्तर तयार. पेपर फुटला होता आणि फोडणारे हेच तिघं, तेही नकळत.

याला डेटा लीकेज म्हणतात, आणि ही फक्त बीईच्या पोरांची चूक नाही. प्रिन्स्टनच्या कपूर आणि नारायणन यांनी २०२३ मध्ये यावर पेपर लिहिला, त्यात १७ शाखांमधल्या २९४ पेपरांपर्यंत ही गळती पोचल्याचं दाखवलंय. ग्राफवर, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांवर, काम करणाऱ्यांनी तर कान टवकारायलाच हवेत. नॉलेज ग्राफसाठी (कुणाचं कुणाशी काय नातं, हे मांडणारा ग्राफ) एफबी-१५के नावाचा डेटासेट सगळे वापरायचे. २०१५ मध्ये लक्षात आलं की त्यात उलटसुलट नाती भरलेली आहेत. टेस्टमध्ये 'अ हा ब-चा मुलगा' असं विचारायचं आणि ट्रेनिंगमध्ये 'ब हा अ-चा बाप' हे आधीच सांगून ठेवायचं, असला प्रकार. मग १३४५ नात्यांमधली असली जुळी नाती काढून २३७ नात्यांचा नवा संच केला. नाव, अर्थातच, एफबी-१५के-२३७.

माझी सवय सांगते, तिला पद्धत वगैरे म्हणू नका. मॉडेल उद्या कुठे वापरणार, हा प्रश्न आधी कागदावर लिहायचा. बसचं मॉडेल उद्याच्या दिवसासाठी आहे ना? मग पहिले काही दिवस ट्रेनिंगला, नंतरचे टेस्टला, आणि एका फेरीच्या ओळी कधीही फोडायच्या नाहीत. शिवाय टेस्टमधल्या वीस ओळी डोळ्यांनी वाचायच्या. हो, डोळ्यांनी. "मॅडम, त्याला स्क्रिप्ट लिहू का?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी वाच, मग लिही.

मुलांनी दिवसांप्रमाणे वाटणी केली. सत्त्याण्णवचे सदुसष्ट झाले. वर मी विचारलं, "काहीही न शिकता डोळे मिटून 'उशीरच होणार' म्हटलं तर?" चौसष्ट. म्हणजे मॉडेलची खरी कमाई तीन टक्के. तोंडं पडली बिचाऱ्यांची. पण मग ते तीन टक्के आले कुठून हे शोधताना त्यांना कळलं की पहिल्या दोन थांब्यांपर्यंत लागलेला वेळ बरंच काही सांगून जातो. रिपोर्टमधलं वाचण्यासारखं पान तेवढंच होतं.

बाण उलटा लावणं

ही फजिती माझी स्वतःची. एम.टेक.ला होते तेव्हाची. व्हायवाच्या वेळा ठरलेल्या आहेत, प्रत्येकीची सुरुवात आणि शेवट माहीत आहे, तर कमीत कमी किती खोल्यांत सगळ्या बसवता येतील? मी प्रत्येक व्हायवाला एक नोड (ठिपका) केलं, ज्यांच्या वेळा एकमेकींवर येतात त्यांच्यात एज (रेघ) टाकली, आणि म्हटलं, हा तर ग्राफ कलरिंगचा प्रश्न झाला: जोडलेल्या ठिपक्यांना वेगळे रंग द्यायचे, तेही कमीत कमी रंगांत. ग्राफ कलरिंग एनपी-हार्ड (ज्याला झटपट सोडवणारी पद्धत कुणालाच माहीत नाही असा अवघड), म्हणून माझा प्रश्नही एनपी-हार्ड. चार पानं सुवाच्य अक्षरात लिहून सरांपुढे ठेवली.

सर विद्यापीठाच्या आवारात बसायचे. त्यांनी खिडकीतून हात केला. "सी-डॅक इथेच आहे ना? मी तिथे जाऊन परमवर दोन अधिक दोन करून आणतो. म्हणजे दोन अधिक दोनला सुपरकॉम्प्युटर लागतो असं सिद्ध झालं का गं?"

मला कळायला एक रात्र लागली. माझा प्रश्न अवघड प्रश्नाच्या रूपात मांडता येतो, यावरून काहीच ठरत नाही. उलटं दाखवायला हवं: अवघड म्हणून माहीत असलेला प्रश्न माझ्या प्रश्नाच्या वेषात घालता येतो, म्हणजे माझा सुटला तर तोही सुटेल. १९७२ मध्ये कार्पने २१ प्रश्नांची जी प्रसिद्ध साखळी लावली, तिच्यातला प्रत्येक बाण याच दिशेने जातो.

खरी चपराक पुढे होती. माझा प्रश्न अवघड नव्हताच! वेळेच्या पट्ट्यांपासून बनलेल्या ग्राफला इंटरव्हल ग्राफ म्हणतात, आणि तो रंगवणं एकदम सोपं. सुरुवातीच्या वेळेप्रमाणे रांग लावा, मोकळी खोली असेल तर ती द्या, नसेल तर नवी उघडा. एका क्षणी जास्तीत जास्त जितक्या व्हायवा चालू असतील तितक्याच खोल्या लागतात, एकही जास्त नाही. आमच्या ऑफिसातले क्लार्कभाऊ नेमकं हेच रोज वहीत पेन्सिलीने करायचे. मी चार पानांत जे अशक्यप्राय ठरवलं होतं, ते भाऊ चहा निवायच्या आत उरकत होते.

तेव्हापासून अशी सिद्धता लिहायला घेतली की पानाच्या वर लाल पेनाने लिहिते: 'अवघड → माझा'. आणि त्याही आधी पाच-सहा नोडचं उदाहरण हाताने सोडवून बघते. हाताने पटकन सुटायला लागलं तर आपल्या ग्राफचा आकार काहीतरी खास आहे का, ते तपासते. तो झाड आहे का (म्हणजे सलग जोडलेला, पण कुठेही फेरा नसलेला), दोन रंगांत भागतो का, पट्ट्यांचा आहे का? दोन रंगांत रंगवता येईल का हे एका फेरीत कळतं आणि तीन रंग म्हटले की एनपी-कम्प्लीट, म्हणजे पुन्हा त्याच अवघड प्रश्नांच्या रांगेत. या विषयात एक पाऊल इकडे-तिकडे पडलं की दरी असते.

जाता जाता: एनपी म्हणजे 'नॉन-पॉलिनोमियल' नव्हे. नॉन-डिटरमिनिस्टिक पॉलिनोमियल. हे व्हायवात चुकलं की माझा पुढचा प्रश्न सोपा असतो, पण मार्क गेलेले असतात.

डायक्स्ट्राला कात्रजचा घाट

इलेक्ट्रिक गाड्यांचे प्रोजेक्ट आल्यापासून ही चूक फार वाढलीये. एजवर अंतराऐवजी बॅटरीचा खर्च लिहितात. कात्रजचा घाट पुण्याकडे उतरताना बॅटरी थोडी भरते, म्हणजे वेट (एजवरचा आकडा) उणे. आणि उणे वेट असताना डायक्स्ट्रा, म्हणजे सगळ्यात स्वस्त रस्ता शोधायची नेहमीची पद्धत, चालत नाही, कारण एकदा पक्का केलेला नोड तो पुन्हा उघडत नाही. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. मग शॉर्टकट काढतात: "सगळ्या एजमध्ये तीन मिळवले, मॅडम. आता उणे काही उरलंच नाही!"

उरलं नाही, पण रस्ता बदलला. अ-पासून ड-पर्यंत थेट एज १ ची. दुसरा रस्ता अ-ब-क-ड, वेट २, उणे ३ आणि १, बेरीज शून्य. म्हणजे लांबचा रस्ता स्वस्त. आता सगळीकडे ३ मिळवा. थेट रस्ता ४, लांबचा ९. ज्या रस्त्यात एजेस जास्त, त्याला दंड जास्त.

सरळ बेलमन-फोर्ड वापरा, ही रस्ता शोधायची पद्धत उणे वेटलाही चालते. पुन्हा पुन्हा चालवायचं असेल तर जॉन्सनने १९७७ मध्ये सांगितलेली युक्ती आहे: प्रत्येक नोडला एक उंची द्यायची, एजच्या वेटमध्ये सुरुवातीच्या नोडची उंची मिळवायची आणि शेवटच्या नोडची वजा करायची. मधल्या उंच्या बेरजेत एकमेकींना खाऊन टाकतात, उरतात फक्त दोन टोकांच्या, त्यामुळे रस्त्यांचा क्रम ढळत नाही. उंच्या अशा निवडायच्या की कुठलंही वेट उणे राहू नये, आणि त्यासाठी बेलमन-फोर्ड एकदाच चालवावा लागतो. घाटाच्या प्रोजेक्टमध्ये तर 'उंची' हा शब्दही अक्षरशः लागू पडतो, पण ते बघायला लायब्ररीतलं फंक्शन नुसतं बोलावून भागत नाही.

बाकीच्या थोडक्यात

एकदाच चालवून आकडा छापू नका. सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) बदलला की निकाल हलतो. मी निदान पाच सीड घेते आणि सगळ्यात वाईट आकडाही लिहिते.

कोरा डेटासेटवर (कुठला पेपर कुणाचा संदर्भ देतो, त्याचा ग्राफ) कुणी नवं ग्राफ न्यूरल नेटवर्क, म्हणजे ग्राफवरून शिकणारं मॉडेल, आणलं की मी एजेस किती ते विचारते. ५४२९ हे मूळ संदर्भांचे दुवे, दिशा काढून दुबार जोड्या गाळल्या की ५२७८, आणि तेच दोन्ही दिशांनी साठवले की १०५५६. तिन्ही बरोबर, पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठला आहे ते तुम्हाला माहीत हवं. आणि ट्रेनिंग-टेस्टची ती एकच ठरावीक वाटणी वापरून 'आम्ही अर्ध्या टक्क्याने पुढे' म्हणू नका. वाटणी बदलली की मॉडेलांचे नंबर वर-खाली होतात हे २०१८ मध्येच दाखवून झालंय.

दोन हजार नोडचा ग्राफ चित्रात काढू नका. तो केसांचा गुंता दिसतो, आणि त्यातून काही 'स्पष्ट दिसतं' असं तर मुळीच लिहू नका.

चॅटबॉटने दिलेली संदर्भयादी जशीच्या तशी चिकटवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. यादीतला तिसरा पेपर उघडून दाखवा म्हणते आणि चहा घेते.

सिद्धतेत भोक सापडलं तर बाइंडिंगला दिलंय म्हणून गप्प बसू नका. गणितज्ञ लास्लो बाबाईंनी २०१५ मध्ये ग्राफ आयसोमॉर्फिझमचा, म्हणजे दोन ग्राफ मुळात एकच आहेत का हे ओळखण्याचा, मोठा निकाल जाहीर केला. जानेवारी २०१७ मध्ये दुसरे गणितज्ञ हेल्फगॉट यांना त्यात चूक सापडली. बाबाईंनी जाहीरपणे दावा मागे घेतला आणि आठवड्याच्या आत दुरुस्तीसह पुन्हा मांडला. परवा एका मुलाने व्हायवाच्या आदल्या रात्री फोन करून सांगितलं, "मॅडम, पान बेचाळीसवरचं लेमा चुकलंय, काय करू?" म्हटलं, छापील पानावर पेनाने खोड, शेजारी कारण लिही आणि तसंच घेऊन ये.