संघांच्या नावांवरून अमेरिकेचे सामान्यज्ञान कसे पक्के करावे

अमेरिकेतील राज्ये, त्यांच्या राजधान्या आणि राष्ट्राध्यक्षांचा क्रम ओळीने घोकून काढला, तरी महिनाभरात त्यातले बरेचसे विसरायला होते, कारण या नावांना एकत्र बांधणारा धागा पाठांतरात नसतो. तो धागा तिथल्या व्यावसायिक खेळसंघांच्या नावांत पुष्कळदा सापडतो आणि खेळाची आवड नसलेल्यालाही तो उपयोगी पडतो.

फक्त राज्यांच्या सीमा दाखवणारा कोरा नकाशा आणि एक वही घ्यावी. सुरुवात बास्केटबॉलच्या एनबीएपासून करावी. तिथे तीस संघ आहेत आणि टोरांटोचा एक सोडल्यास बाकी सगळे अमेरिकेतले आहेत. प्रत्येक संघाला एक पान देऊन त्यावर तीनच गोष्टी लिहाव्यात: नाव कुठे जन्मले, कोणत्या काळाशी ते जोडलेले आहे आणि ते का पडले. संघ आज कुठे खेळतो हे त्यानंतर लिहावे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण संघ गाव बदलतात, पण नाव पुष्कळदा तेच ठेवतात.

लॉस एंजेलिस लेकर्सचेच पाहा. लेक म्हणजे तळे, आणि लॉस एंजेलिसची ओळख काही तळ्यांसाठी नाही. हा संघ मुळात मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिसचा. १९६० साली तो पश्चिम किनाऱ्यावर गेला. मिनेसोटात मोटारींच्या पाट्यांवरसुद्धा ‘दहा हजार तळी’ असे छापलेले असते. त्यांतल्याच इटास्का या तळ्यातून मिसिसिपी नदी निघते, म्हणून नकाशावर तिथे पेन्सिल टेकवून रेघ दक्षिणेकडे ओढावी. ती मिनिआपोलिस, सेंट लुइस, मेम्फिस अशी शहरे घेत न्यू ऑर्लिन्सला पोहोचते.

आता युटा जॅझचे पान उघडावे. युटातील सॉल्ट लेक सिटीचा जॅझ संगीताच्या जन्माशी संबंध नाही; संघ १९७४ साली न्यू ऑर्लिन्समध्ये स्थापन झाला आणि १९७९ साली युटाला गेला. नदीच्या उगमाकडचा एक संघ आणि मुखाकडचा दुसरा, दोघेही नावे घेऊन पश्चिमेला गेले, हे एकदा लक्षात आले की मिसिसिपीचा सारा मार्ग डोळ्यांपुढे उभा राहतो. न्यू ऑर्लिन्सच्या पानावर थोडे अधिक रेंगाळावे. तिथल्या काँगो चौकात गुलाम कृष्णवर्णीय रविवारी जमून वादन आणि नृत्य करीत. याच शहरात पुढे जॅझ आकाराला आले आणि १९०१ साली जॅझचा नामवंत ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याचा जन्म झाला. हे शहर १८०३ च्या लुइझियाना खरेदीत फ्रान्सकडून अमेरिकेकडे आले. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या काळात दीड कोटी डॉलरना झालेल्या या एका व्यवहाराने देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. भूगोल, संगीत आणि इतिहास असे तिन्ही विषय एकाच पानावर येतात.

सालांसाठी दोन नावे पुरेशी आहेत. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स हे नाव त्या शहरात १७७६ साली स्वीकारलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची आठवण देते. अमेरिकन फुटबॉलमधील सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स हे नाव १८४९ साली सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियात लोटलेल्या लोकांवरून पडले. इथे एक मेख आहे: सोने सापडले जानेवारी १८४८ मध्ये, झुंबड उडाली पुढच्या वर्षी, आणि १८५० साली कॅलिफोर्निया राज्य झाले. ही तिन्ही साले एकाखाली एक लिहावीत. साहित्यासाठी त्याच खेळातला बाल्टिमोर रेव्हन्स घ्यावा. रेव्हन म्हणजे डोमकावळा, आणि हे नाव एडगर ॲलन पो यांच्या १८४५ सालच्या कवितेवरून आले आहे. पो यांचे निधन बाल्टिमोरलाच झाले.

प्रत्येक नावामागे असा इतिहास असतोच असे नाही. जिथे तो सापडत नाही तिथे ओढूनताणून संबंध जोडण्यापेक्षा पान कोरे ठेवणे बरे. आठवड्याने वही मिटून नवा कोरा नकाशा घ्यावा आणि संघाचे नाव त्याच्या आजच्या गावी न लिहिता, ते जिथे जन्मले तिथे लिहावे. जे नाव चुकेल त्याचे तिसरे उत्तर, म्हणजे ते का पडले, तेवढेच पुन्हा वाचावे.