रेव्हरंड टिळकांचं चरित्र-टिपण नागपुरात बसून कसं तयार करावं

ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हटलं की नगर, मिशनचं पत्र ‘ज्ञानोदय’, अभंग आणि पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. नागपूर मात्र बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकलेलं असतं: आप्पासाहेब बुटींकडे नोकरी केली, आगगाडीत बायबल मिळालं. पण टिळकांच्या हातात संपादकाची लेखणी आली ती इथेच. बाप्तिस्म्याच्या आधी, नागपूरच्या वास्तव्यात, ते ‘ऋषी’ हे मासिक चालवत होते. ‘आधी पाद्री, मग पत्रकार’ असा सोपा क्रम लावला की पुढचं सगळं टिपण तिरकं जातं. स्मरणिकेसाठी, वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी किंवा मराठी विकिपीडियासाठी हजार-बाराशे शब्द लिहायचे असतील तर काम असं करा.

आधी पक्क्या तारखा एका पानावर उभ्या मांडा. जन्म ६ डिसेंबर १८६१, करजगाव, रत्नागिरी जिल्हा. लग्न १८८०. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९००. पाळकपदाची दीक्षा १९०४. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन १९१२ पासून. मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतःचा भक्तमेळा १९१७. मृत्यू ९ मे १९१९, मुंबई. दोन तारखांच्या मध्ये चार बोटं जागा कोरी ठेवा, कारण नागपूरचा मजकूर १८८० आणि १८९५ च्या मधल्या जागेतच भरायचा आहे.

जुन्या मराठी मजकुरात शक वर्ष येतं आणि तिथे हमखास घोटाळा होतो. चैत्रापासून डिसेंबरअखेर शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. बाप्तिस्म्याचा दिवस माघ, शके १८१६. सवयीने ७८ मिळवले तर १८९४ येतं आणि वर्षभराची चूक छापली जाते. पडताळा म्हणून वार काढून पाहा: १० फेब्रुवारी १८९५ ला रविवार होता. तारीख आणि वार जुळत नसतील तर दोन्हींपैकी एक उतरवताना चुकलेलं आहे.

मग लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचा, पण हातात पेन्सिल घेऊन. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला, म्हणजे नागपूरच्या दिवसांनंतर चाळीसएक वर्षांनी. लक्ष्मीबाईंची आठवण माणसं, बोलणं आणि घरातल्या अडचणी यांबाबत विलक्षण तल्लख आहे. तारखांसाठी मात्र त्या पुस्तकावर भार टाकू नका, प्रसंगांचा क्रम तेवढा घ्या. शिवाय बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहत होते. त्या काळातलं टिळकांचं काम लक्ष्मीबाईंनी जवळून पाहिलेलं नाही. तिथे दुसरा पुरावा हवाच.

नागपुरात सुरुवात सीताबर्डीच्या विदर्भ साहित्य संघापासून करणं सोयीचं. परिस्थिती समजण्यासाठी १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर चाळा. सरकारी कागद शोधताना एक गोष्ट विसरू नका. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, नगर आणि मुंबई मुंबई इलाख्यात, आणि टिळक नागपुराहून जिथे नोकरीला गेले ते राजनांदगाव हे संस्थान होतं. मुंबईच्या दफ्तरांत ‘ऋषी’ शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही आणि ‘पुरावाच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

नावांच्या गफलती तीन. सूचीत नुसतं ‘टिळक’ पाहिलं की लोकमान्यच पुढे येतात, म्हणून ‘ना. वा. टिळक’ आणि ‘रे. टिळक’ अशी दोन्ही रूपं शोधा. टिळकांना संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी ठेवून घेणारे आप्पासाहेब बुटी वेगळे आणि शिर्डीचा वाडा बांधणारे बापूसाहेब बुटी वेगळे. आणि नागपूरचं हिस्लॉप कॉलेज स्कॉटिश मिशनचं, तर टिळक ज्या मिशनमध्ये गेले ते अमेरिकन मराठी मिशन. टिळकांचा बाप्तिस्मा नागपूरच्या चर्चमध्ये झाला, असं कोणी सांगितलं तर ते खोडून टाका.

आगगाडीचा प्रसंग सगळ्यांना आवडतो, म्हणून तिथे जास्त सांभाळा. टिळक नागपुराहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. हा रस्ता बंगाल-नागपूर रेल्वेचा. मुंबईकडून येणारी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) नागपुरात आली १८६७ ला, पण ही गाडी तिची नव्हे. डब्यातल्या गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं म्हटलं. एवढंच लिहा. खिडकीबाहेरचा पाऊस, साहेबाच्या डोळ्यांतलं तेज वगैरे पदरचं घालू नका. आणि त्या एका भेटीने माणूस बदलला असंही लिहू नका. जातिभेद आणि धर्म यांवरचा त्यांचा विचार आधीपासून चालू होता, नाहीतर ते पुस्तक त्यांनी उघडलंच नसतं.

‘ज्ञानोदय’ हे १८४२ साली नगरला सुरू झालेलं पत्र इंग्रजी-मराठी असं दुभाषी होतं. टिळकांकडे मराठी बाजू होती. सहीशिवायचा प्रत्येक मराठी मजकूर त्यांचा मानण्याचा मोह होतो, तो टाळा. सही किंवा दुसरीकडचा उल्लेख असेल तरच नावावर घाला. नाहीतर ‘टिळकांच्या संपादनकाळातला मजकूर’ एवढंच म्हणा. एखादा लेख वापरायचा तर त्याच्या मागचे-पुढचे दोन-दोन अंकही वाचा. वाद कुठून सुरू झाला ते त्याशिवाय कळत नाही.

जुना अंक हाताळताना तो टेबलावर सपाट ठेवा, पान वरच्या कोपऱ्यातून उलटा, बोटाला थुंकी लावू नका आणि शाईचं पेन जवळ ठेवू नका. फोटो फ्लॅशशिवाय काढा. आधी अंकाचा मथळा, मग पूर्ण पान, मग हवा तो रकाना. मथळ्याचा फोटो राहिला की घरी आल्यावर तारीख सापडत नाही आणि तो उतारा वाया जातो. एका कार्डावर एकच गोष्ट लिहा: तारीख, अंक, पान आणि शब्दशः उतारा. तुमचं मत कार्डाच्या मागे.

लिहिताना बाराशेपैकी निदान चारशे शब्द नागपूर-राजनांदगावला द्या. ‘थोर सुधारक’ हे विशेषण घालण्यापेक्षा त्यांनी काय केलं ते सांगा: धर्म बदलला तरी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, ख्रिस्ती उपासनेला मराठी पदं दिली, आणि आपल्या लोकांनी मिशनऱ्यांच्या तोंडाकडे पाहत बसू नये असा आग्रह धरला.

फोटो शेवटी निवडा. नेटवर ‘टिळक’ टाकून आलेला पहिला फोटो उचलला तर पागोट्यातले लोकमान्य छापले जातील. ज्या पुस्तकातून किंवा अंकातून फोटो घेतला त्याचं नाव खाली द्या, आणि मूळ ठिकाणी वर्ष दिलेलं नसेल तर अंदाजाने घालू नका.