समोरच्या काचेवरचे पांढरे डाग
नागपूरच्या उन्हात बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की थेंब जागीच सुकतात आणि क्षारांचे गोल डाग बसतात. शॅम्पूनं ते हलत नाहीत. गाडी सावलीत लावा, काच थंड होऊ द्या. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेला टिश्यू डागांवर 10 मिनिटं चिकटवा. बॉनेटवर ओघळ आला तर लगेच धुवा. तरीही उरलेले डाग ओल्या काचेवर 0000 नंबरच्या स्टील वूलनं (अगदी बारीक पोलादी तंतूंचा बोळा), हलक्या हातानं घासा. भांड्यांची तारेची घासणी मुळीच नको, चरे कायमचे राहतात.

आतला धुरकट थर वेगळा, बराचसा तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून येतो. मायक्रोफायबरवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. बाहेरून उभं, आतून आडवं पुसलं की राहिलेली रेघ कुठल्या बाजूची ते कळतं. वायपरचं रबरही पुसा, नाहीतर पहिल्याच फेरीत काच पुन्हा माखेल.