हायरॉक्सचा निकाल वाचायचा कसा आणि पुढचे बारा आठवडे कशावर घालवायचे

हायरॉक्स म्हणजे धाव आणि व्यायाम आलटून-पालटून करायची रेस. ती संपल्यावर दहातले आठ जण म्हणतात, "वॉल बॉलने मारलं." वॉल बॉल (खाली बसून उठत जड चेंडू भिंतीवरच्या खुणेला मारणं) शेवटी येतो, म्हणून तोच लक्षात राहतो. निकालाचा कागद उघडला की बहुतेकदा वेगळंच दिसतं. वेळ चौथ्या धावेत आणि दोन थांब्यांच्या, म्हणजे व्यायामाच्या ठिकाणांच्या, मधल्या चालण्यात गेलेला असतो, आणि त्याची आठवणही नसते.

म्हणून पहिलं काम आकडे बघण्याच्या आधी करायचं. रेसच्या त्याच संध्याकाळी वहीत लिहा: कुठे चाललात, कुठे थांबलात, किती नो-रेप (नियमात न बसल्याने न मोजलेल्या खेपा) मिळाले, सकाळी काय आणि किती वाजता खाल्लं, आदल्या रात्री किती झोपलात. रात्रभर कोकणकन्येत बसून आला असाल तर तेही लिहा. आकडे बघितल्यावर आठवण आपोआप आकड्यांना जुळवून घेते, मग ती कामाची राहत नाही.

भारतातली पहिली हायरॉक्स मे २०२५ मध्ये मुंबईत गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात झाली. आराखडा जगभर एकच आहे. एक किलोमीटर धाव आणि एक थांबा, असं आठ वेळा. थांब्यांचा क्रम: १००० मीटर स्कीअर्ग (उभं राहून दोन दोऱ्या खाली ओढायचं यंत्र), ५० मीटर स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ढकलणं, ५० मीटर स्लेड ओढणं, ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप (छाती जमिनीला लावून उठायचं आणि पुढे लांब उडी मारायची), १००० मीटर रोईंग, २०० मीटर फार्मर्स कॅरी (दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं), १०० मीटर सँडबॅग लंजेस (वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघा टेकवत पावलं टाकणं) आणि शेवटी १०० वॉल बॉल. पुरुष ओपन गटात ढकलायची स्लेड १५२ किलो, ओढायची १०३, दोन्ही हातांत २४-२४, सँडबॅग २० आणि चेंडू ६ किलोचा. धाव आणि थांबा यांच्या मधल्या जागेला रॉक्सझोन म्हणतात. घड्याळ तिथेही चालूच असतं.

निकालात आठ धावा, आठ थांबे आणि रॉक्सझोनची बेरीज, असे सतरा आकडे मिळतात. ते वहीत उतरवा. मग त्याच रेसमधले, त्याच गटातले, तुमच्यापेक्षा साधारण पाच मिनिटं पुढे असलेले दहा जण निवडा. प्रत्येक स्प्लिटसाठी, म्हणजे या सतरांतल्या प्रत्येक आकड्यासाठी, त्या दहा जणांच्या वेळा चढत्या क्रमाने मांडा आणि मधली वेळ घ्या. सरासरी घेऊ नका, कारण एखाद्याचा पाय मुरगळलेला असतो आणि तो एकटा सरासरी बिघडवतो. त्याच रेसमधले लोक घ्यायचं कारणही आहे. स्लेडखालचा कार्पेट हॉलनुसार कमीजास्त घट्ट असतो, फेऱ्यांची आखणीही बदलते. मुंबईची स्लेडची वेळ दुसऱ्या शहरातल्या वेळेशी लावून "मी सुधारलो" म्हणणं फसवं आहे.

समजा तुमची एकूण वेळ १:३६:४० आहे. त्यात धावा ४८:००, थांबे ४१:३० आणि रॉक्सझोन ७:१०. पुढच्या दहा जणांच्या मधल्या वेळा अशा निघाल्या: धावा ४५:५०, स्लेड ओढणं ५:२० (तुमची ६:१०), वॉल बॉल ६:२० (तुमची ७:०५), रॉक्सझोन ५:५०. आता फरक मांडा. धावा १३० सेकंद, रॉक्सझोन ८०, स्लेड ५०, वॉल बॉल ४५. बेरीज ३०५. म्हणजे उरलेल्या सहा थांब्यांवर मिळून तुम्ही पाच सेकंद पुढेच आहात. तरीही जिममध्ये गेल्यावर लोक रोईंगच करत बसतात, कारण ते जमतं.

या चारांतलं सगळ्यात स्वस्त आधी उचला: रॉक्सझोन. ८० सेकंदांसाठी दम वाढवावा लागत नाही, सवय लागते. थांबा संपला की कमरेवर हात ठेवून चालणं, पाण्याच्या टेबलाशी उभं राहणं, चुकीच्या बाजूला वळणं, एवढ्यातच वेळ जातो. सरावात कुठल्याही दोन व्यायामांमध्ये ५० मीटर हळू धाव सक्तीची करा, कितीही संथ चालेल. पाणी पेल्यात घेऊन चालत-चालत प्या. रेसच्या आधी हॉलचा नकाशा बघून आत शिरायची आणि बाहेर पडायची बाजू पाठ करा.

धावांचा हिशोब जरा खोलात करावा लागतो. समजा आठ धावा अशा: ५:०५, ५:२५, ५:५०, ६:३५, ६:१०, ६:००, ६:०५, ६:५०. मधली वेळ साधारण ६:०२. पहिली धाव तिच्यापेक्षा ५७ सेकंद जलद, चौथी ३३ सेकंद मंद, आठवी ४८ सेकंद मंद. पहिली आणि आठवी धाव आखणीमुळे थोडी कमीजास्त अंतराची असू शकते, म्हणून त्या दहा जणांच्याही त्याच धावा बघा. त्यांचीही पहिली इतकीच जलद असेल तर दोष आखणीचा, नसेल तर तुमचा. ज्याची ५ किलोमीटरची सर्वोत्तम वेळ २५ मिनिटं आहे, त्याने पहिला किलोमीटर ५:०५ मध्ये धावणं म्हणजे पाच किलोमीटरच्या रेसचाच वेग झाला, आणि पुढे अजून आठ थांबे आहेत. असा माणूस पहिला किलोमीटर ५:३०-५:३५ ला धरतो तेव्हा चौथी आणि पाचवी धाव आपोआप सुधारते.

चौथी धाव स्लेड ओढल्यानंतरची, आठवी लंजेसनंतरची. दोन्हींची कारणं वेगळी, आणि ती नाडी मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्याच्या आकड्यांवरून कळतात. वेग पडला आणि नाडी वरच राहिली, तर दम कमी पडतोय किंवा उकाडा खातोय. वेग पडला आणि नाडीही खाली आली, तर फुप्फुसं तयार आहेत, पाय संपलेत. पहिल्या प्रकाराला महिनाभर सावकाश लांब धावा आणि १ किलोमीटरचे इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोरात धाव). दुसऱ्याला ओझं घेऊन लंजेस आणि लगेच धाव: २५ मीटर लंजेस, ४०० मीटर धाव, असं सहा वेळा. त्यात पहिल्या १०० मीटरकडे लक्ष ठेवा, बहुतेक वेळ तिथेच सांडतो. घड्याळावर लॅपचं बटण प्रत्येक थांब्याला दाबायची सवय ठेवा. हॉलमध्ये छताखाली जीपीएसचं अंतर मात्र वाचू नका, ते चुकतंच.

वॉल बॉलच्या ७:०५ चं गणित बाजूने काढलेल्या व्हिडिओवरून करा. लयीत एक फेक साधारण २.४ सेकंद घेते, म्हणजे शंभर फेकांना २४० सेकंद. उरलेले १८५ सेकंद तुम्ही चेंडू धरून किंवा खाली टाकून उभे होतात. आता दहा-दहाचे दहा गट आणि मध्ये मोजून बारा सेकंद विश्रांती: ९ × १२ = १०८, अधिक २४०, म्हणजे ५:४८. हाताची ताकद वाढवल्याशिवाय सव्वा मिनिट सुटतं. हे जमत नसेल तर पंधरा-पंधराने सुरुवात करून सहाव्या गटाला कोसळण्यापेक्षा आठ-आठ करा. नो-रेप बहुधा दोनच कारणांनी येतात: बसताना मांडीचा सांधा गुडघ्याच्या खाली गेला नाही, किंवा चेंडू खुणेच्या खाली लागला. थकल्यावर आधी बसणं उथळ होतं.

स्लेड ओढण्याची चूक कोकणात समजावणं सोपं आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं हातांनी ओढत नाहीत, दोर धरून अंग मागे टाकतात आणि पावलं मागे घेतात. इथेही तसंच. आखलेल्या चौकोनात पुढच्या टोकाशी उभं राहा, अंग मागे टाकत मागच्या रेषेपर्यंत चालत या, मग चटकन पुढे जाऊन पुन्हा धरा. नुसतं हातांनी ओढलं की मूठ आणि दंड भरून येतात, आणि पुढे फार्मर्स कॅरीला तीच मूठ लागते. ओढलेला दोर पायांपासून बाजूला टाकत जा, नाहीतर पुढच्या खेपेला पाय अडकतो.

स्लेड नाही म्हणून अडून बसू नका. ट्रकचा जुना टायर, त्यात वाळूच्या गोण्या आणि २० मीटर जाड दोर पुरे. गोण्या भरताना वजनकाट्यावर तोला, अंदाजाने भरलेली गोणी दर महिन्याला वेगळी निघते. ओली वाळू कोरडीपेक्षा जड, त्यामुळे सँडबॅगमध्ये कोरडी भरा. टायर कुठे ओढला तेही लिहा: ओहोटीच्या घट्ट वाळूवर आणि वरच्या सैल वाळूवर तोच टायर दोन वेगळी ओझी होतो.

धावायला घट्ट वाळू हवी म्हणजे भरती-ओहोटी पाहणं आलं. कोळी लोकांचा हिशोब सोपा: तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते आणि पुळण रुंद मिळते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पट्टा अरुंद राहतो. गुहागर किंवा तारकर्लीच्या लांब किनाऱ्यावर जितकं जाल तितकंच परत या, कारण उतारामुळे समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि एकाच बाजूने गेलात तर नितंबाची बाहेरची बाजू दुखते. वेळ मोजायची धाव मात्र सपाट डांबरावर किंवा मैदानावर. वाळूवरचा वेग कशाशीच तुलना करण्याजोगा नसतो.

दमटपणा हा इथला खरा विषय. घाम निघतो, वाळत नाही, मग नाडी त्याच वेगाला वर चढत जाते. एप्रिल-मेमधल्या सरावाचे आकडे जानेवारीशी लावून घाबरू नका. घामाचं माप काढा: तासभराच्या सरावाच्या आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा, मध्ये प्यायलेलं पाणी मिळवा. एक किलो घट म्हणजे जवळपास एक लिटर घाम. ६५ किलोच्या माणसाचं वजन सव्वा किलोहून जास्त उतरत असेल तर पिणं कमी पडतंय. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर आणि पाव लहान चमचा मीठ, चवीला अमृत कोकम घेतलंत तर साखर तेवढी कमी. आगळ (बिनसाखरेचा कोकम रस) वापरणार असाल तर मीठ वेगळं घालू नका, आगळात ते आधीच असतं.

बारा आठवड्यांसाठी दोनच गोष्टी निवडा, तिसरी पुढच्या रेसला. वरच्या उदाहरणात रॉक्सझोन आणि धावा. दर दुसऱ्या रविवारी एकच ठरलेली चाचणी: १ किलोमीटर धाव, २० किलो घेऊन ५० मीटर लंजेस, १ किलोमीटर धाव, ५० वॉल बॉल, १ किलोमीटर धाव. जागा तीच, वेळ तीच, बूट तेच. तिन्ही धावांची वेळ, मधल्या थांब्यातून बाहेर पडायला लागलेले सेकंद, तापमान आणि आदल्या रात्रीची झोप एका ओळीत लिहा. तिसरी धाव पहिलीपेक्षा ३० सेकंदांहून जास्त मंद येत असेल तर पुढच्या चाचणीला पहिली दहा सेकंदांनी हळू धावा आणि तिन्हींची बेरीज बघा. पहिल्या दोन चाचण्यांत आकडे इकडेतिकडे उड्या मारतात, त्यावरून काहीच ठरवू नका.