भात निसवताना राखणीच्या सेन्सरची दमट हवेतील काळजी

कोकणात आणि घाटमाथ्यावर भाद्रपद-आश्विनात भात निसवून दाणा दुधावर येतो, आणि नेमका त्याच वेळी रानडुकरांचा उपद्रव वाढतो. माळ्यावर रात्रभर जागून राखण करायला माणूस मिळत नाही, म्हणून अनेक शेतकऱ्यांनी हालचाल ओळखून भोंगा आणि दिवा चालू करणारी सौर उपकरणे बांधावर बसवली आहेत. कोरड्या हवेत चोख चालणारी ही उपकरणे पावसाळ्याच्या अखेरीस कधी कारण नसताना वाजत राहतात, तर कधी डुक्कर समोरून गेले तरी गप्प राहतात. हे दोन्ही दोष बहुधा ओलाव्यामुळेच येतात. मात्र त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

या उपकरणांत बहुधा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर असतो. तो स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. जनावराच्या अंगातून निघणारे, साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे उष्णकिरण समोरून सरकताना जो फरक पडतो, तो टिपतो. त्यामुळे जनावराचे अंग आणि त्यामागची जमीन किंवा पीक यांच्या तापमानात पुरेसे अंतर असावे लागते. पावसाळ्यातील उबदार रात्री हे अंतर मुळातच कमी असते. त्यातच चिखलात लोळून आलेल्या डुकराच्या अंगावरचा ओला थर त्याची उष्णता झाकतो. माहितीपत्रकात ७ मीटर पल्ला लिहिला असला, तरी या दिवसांत तेवढ्यावर विसंबू नये. दोन सेन्सरमधील अंतर त्यापेक्षा कमीच धरावे.

हवेतील बाष्पच किरण अडवते, असा एक समज आहे. पाच-सात मीटरच्या अंतरात बाष्पाचा परिणाम अगदी किरकोळ असतो. खरा अडथळा भिंगावर साचणाऱ्या दवाचा आहे. हवा २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर तापमान जेमतेम दोन अंशांनी उतरताच दव धरू लागते, आणि उघड्या आकाशाखालची सेन्सरची प्लास्टिकची डबी तेवढी सहज थंड होते. पाण्याचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा थरही हे उष्णकिरण जवळजवळ पूर्ण शोषून घेतो. म्हणून डबीवर पुढे आलेली झडप किंवा पत्र्याची टोपी अवश्य बसवावी, भिंग किंचित खाली झुकलेले ठेवावे आणि ते दर दोन-तीन दिवसांनी मऊ ओल्या फडक्याने पुसावे. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये. पावसापासून बचाव म्हणून काही जण सेन्सरवर काच किंवा पाण्याच्या बाटलीचे पारदर्शक प्लास्टिक लावतात. ही चूक फार महागात पडते, कारण डोळ्यांना आरपार दिसणारे हे पदार्थ उष्णकिरणांना मात्र अडवतात. सेन्सरचे मूळ भिंग पॉलिथिनचे असते, ते याच कारणासाठी.

कारण नसताना वाजण्याचे मूळ बहुधा डबीच्या आत असते. दिवसा उन्हाने आतली हवा फुगून बाहेर जाते आणि रात्री डबी थंड झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. सेन्सरचा संकेत अत्यंत क्षीण असल्यामुळे सर्किट बोर्डवर धूळ आणि ओल एकत्र आली, की तेथून होणारी विजेची सूक्ष्म गळतीसुद्धा हालचाल म्हणून वाचली जाते. वायर नेहमी डबीच्या खालच्या बाजूने, केबल ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत घ्यावी आणि डबीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत जाणार नाही. सांधे सिलिकॉनने बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळावे, कारण त्यातील आम्ल तांब्याला गंज आणते. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि रंग बदलला की ती बदलावी. मुंग्या आणि कोळी यांच्याकडेही लक्ष असावे. भिंगासमोरचे जाळे आणि वाऱ्याने हलणारे गवतही असेच खोटे इशारे देतात.

खोटे इशारे निरुपद्रवी मानू नयेत. ढगाळ हवेत बॅटरी आधीच अर्धवट भरते. भोंगा वारंवार वाजला की ती पहाटेपूर्वी संपते, आणि विनाकारण वाजणाऱ्या भोंग्याला डुकरेही सरावतात. त्यावर उपाय म्हणून संवेदनशीलता सरसकट कमी केली, तर ओले डुक्कर मुळीच टिपले जात नाही. म्हणून आधी डबी कोरडी करावी, नंतरच संवेदनशीलतेच्या स्क्रूला हात लावावा.

स्वतः लहरी सोडून त्यांच्या परतीवरून हालचाल ओळखणाऱ्या मायक्रोवेव्ह सेन्सरवर दवाचा परिणाम कमी होतो, पण पाऊस आणि हलती ओली पाने तो हालचाल समजतो. भाताच्या कडेला तो एकटा वापरणे मला योग्य वाटत नाही.

सेन्सरची परीक्षा दुपारी घेऊन समाधान मानू नये. त्याच्यासमोर ३, ५ आणि ७ मीटरवर खुंट्या ठोकाव्यात, रात्री नऊच्या सुमारास आणि पहाटे दव असताना प्रत्येक खुंटीपाशी आडवे चालून पाहावे, आणि कुठवर इशारा मिळतो ते वहीत नोंदवावे. सरळ सेन्सरकडे चालत आल्यास तो उशिरा ओळखतो. त्यामुळे डुकरांची वाट त्याला आडवी जाईल, अशाच जागी तो गुडघा ते कंबर उंचीवर बसवावा. पहाटेचा पल्ला रात्रीच्या निम्म्यावर आला, तर भिंगावर दव धरत आहे असे समजून टोपी आणखी पुढे काढावी.