डायलिसिसच्या पेशंटचे पाय जळतात? या चुका टाळा

किडनी निकामी झालेल्या माणसाचे पाय जळायला लागले, की आपल्याकडे पहिली धाव गोळीकडे. तपासणी नंतर, डोसचा विचार त्याहून नंतर. मिरज-सांगलीत काय आणि साताऱ्यात काय, चुका त्याच. त्यातल्या दोन फार महाग पडतात.

पहिली गॅबापेंटिनची, म्हणजे नसांच्या जळजळीवर देतात त्या गोळीची. हे औषध शरीरात मोडत नाही, किडनीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. किडनी धड असेल तर पाच-सात तासांत निम्मं होतं. लघवी बंद असलेल्या माणसात, डायलिसिस नसताना, निम्मं व्हायला सुमारे 132 तास, म्हणजे साडेपाच दिवस लागतात. आता जतकडून सोमवार-गुरुवार डायलिसिसला येणारा पेशंट धरा. डोस मात्र किडनी चांगली असणाऱ्याचा: 300 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. शनिवारी पेंग येते, रविवारी हातातला कप निसटतो, अंगाला झटके बसतात, बोलणं अडखळतं. घरचे लकवा समजून गाडी करतात. सीटी स्कॅन नॉर्मल येतो, पण औषधांची पिशवी कुणी उघडून बघत नाही. सोमवारी मशीन ते औषध ओढून काढतं आणि माणूस उठून चहा मागतो. घरी गेल्यावर तीच गोळी पुन्हा चालू!

सुरुवात 100 मिलिग्रॅमने करावी, डायलिसिस संपल्यावर आणि फक्त त्याच दिवशी. आठवडाभर थांबावं. वाढवलं तरी 300 च्या पुढे जाऊ नये. प्रीगॅबालिन हे त्याच जातीचं औषध; तेही डायलिसिसनंतरच, सुरुवात 25 मिलिग्रॅमने. ‘दोन दिवसांत फरक नाही’ म्हणून डोस दुप्पट करणाऱ्यांना औषध कळलेलंच नाही.

दुसरी चूक नव्या टेक्निशियनची: डिसेंबरच्या सकाळी गार पायावर नर्व्ह टेस्ट, म्हणजे करंट देऊन नसेचा वेग आणि सिग्नल मोजायची तपासणी. त्वचेचं तापमान एक अंशाने उतरलं, की नसेचा वेग सेकंदाला दीड-दोन मीटरने घटतो. पाय 28 अंशांवर असेल तर चांगली नसही मंद दिसते. उलट बाजूही आहे. युरेमिक न्युरोपॅथीत, म्हणजे किडनी निकामी झाल्याने नसा बिघडतात त्या आजारात, आधी झिजतो तो नसेचा तंतू, म्हणून सुरल नसेचा (घोट्यामागच्या जाणिवेच्या नसेचा) सिग्नल लहान होतो. गारठ्यात तोच सिग्नल फुगतो. म्हणजे नसलेला आजार दिसतो आणि असलेला झाकला जातो. पायाला थर्मामीटर लावा, 32 च्या खाली असेल तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, आणि पाण्याचा अंदाज स्वतःच्या कोपराने घ्या. पेशंटला चटका कळणार नाही. पाय सुजलेला असेल तर नस इलेक्ट्रोडपासून लांब जाते, सिग्नल फुकट लहान येतो; अशी टेस्ट डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. ‘लाईन लागलीय’ ही सबब रिपोर्टवर लिहिता येत नाही.

‘मुंग्या येतात का?’ एवढं विचारून भागत नाही. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्यावर ठेवा. कंपनाची जाणीव बऱ्याचदा तक्रारीच्या आधी जाते.

प्रत्येक मुंगीला बी-12 चं इंजेक्शन नको. आधी पातळी तपासा, विशेषतः बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतलेल्यांची. बी-6 चे मोठे डोस तर स्वतःच नसा बिघडवतात.

लो-सोडियम मिठात पोटॅशियम असतं. नारळपाण्यातही. वाढलेलं पोटॅशियम नसेचं काम बिघडवतं, हृदयाचं तर आधी.

चार तासांचं डायलिसिस तीन तासांत उरकू नका. नेमाने केलेलं डायलिसिस बहुधा नुकसान थोपवतं. नसा खऱ्या अर्थाने सुधारतात त्या ट्रान्सप्लांटनंतर.

वारीत लोणंद-फलटणच्या वाटेवर अनवाणी चालायचा हट्ट या पायांनी करू नये. मुक्कामाला तळवे दुसऱ्याने बघावेत.

दोन्ही पायांत सारखी आणि महिनोन्‌महिने हळूहळू चढते ती युरेमिक न्युरोपॅथी. एकाच पायात किंवा चार दिवसांत चढली, तर कारण दुसरं शोधा. हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असतील तर मनगटातली नस दबली आहे का ते बघा. आणि फिस्तुला (डायलिसिससाठी हातातली धमनी-शीर जोडायचं ऑपरेशन) केल्यावर काही तासांतच हात ठणकून बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाट न बघता सर्जनला त्याच रात्री उठवा; उशीर झाला तर पंजा कायमचा लुळा राहू शकतो.