नाटो-विस्तारावर प्रबंध लिहिताय? कायद्याच्या तारखेवर विसंबू नका

सोव्हिएत गटाचा लष्करी वॉर्सा करार 1991 मध्ये गुंडाळला गेला, पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक 12 मार्च 1999 रोजी नाटोत आले, 2004 मध्ये आणखी सात देश आले, हे तुम्हाला पाठ असेलच. त्यावर वेळ घालवत नाही. एमए किंवा पीएचडीसाठी या विषयात उतरणारे हमखास कुठे अडकतात, तेवढंच सांगायचं आहे.

ती जागा म्हणजे लष्करावरचं मुलकी नियंत्रण, म्हणजे लष्कराने निवडून आलेल्या सरकारच्या हुकमात राहणं. नाटोने सप्टेंबर 1995 मध्ये विस्तारावर जो दस्तऐवज काढला, त्यात नव्या सदस्यांकडून ही अपेक्षा स्पष्ट लिहिली आहे. मग आपण तक्ता आखतो: देश, कायदा, वर्ष. कायदा दिसला की रकान्यात 'पूर्ण'. सगळा प्रबंध इथे फसतो, आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत कळतही नाही.

पोलंडच घ्या. ऑक्टोबर 1992 च्या 'छोट्या राज्यघटने'नुसार संरक्षणमंत्री सुचवताना पंतप्रधानांनी राष्ट्राध्यक्षांचं मत घ्यायचं होतं, आणि सुरक्षेच्या क्षेत्राचं सर्वसाधारण नेतृत्वही राष्ट्राध्यक्षांकडेच होतं. जनरल स्टाफने, म्हणजे सैन्याच्या सर्वोच्च मुख्यालयाने, नेमकं कोणाचं ऐकायचं, ते यातून धड ठरत नव्हतं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लेक वालेसांनी ही फट पुरेपूर वापरली.

सप्टेंबर 1994 च्या मध्यावर पोझनानजवळ बिएद्रुस्कोला 'शांततेसाठी भागीदारी' या नाटोच्या बिगर-सदस्य देशांबरोबरच्या सहकार्य कार्यक्रमाचा पहिला संयुक्त सराव झाला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, सुधारणा मार्गी लागली. त्याच महिन्याच्या 30 तारखेला द्राव्स्कोच्या लष्करी सराव-क्षेत्रात, जेवणाच्या टेबलावर, वालेसांनी जमलेल्या सेनाधिकाऱ्यांना संरक्षणमंत्र्यांबद्दल मत विचारलं. बहुतेकांनी मंत्र्यांविरुद्ध कौल दिला. मंत्री पिओत्र कोवोजेइचिक नोव्हेंबरात गेले, जनरल स्टाफप्रमुख तादेउश विलेत्स्की जागेवरच राहिले. कोवोजेइचिक स्वतः निवृत्त अॅडमिरल होते, म्हणजे 'मुलकी मंत्री' या रकान्यातही बरोबरची खूण करताना हात थांबला पाहिजे.

जनरल स्टाफला मंत्र्याच्या अखत्यारीत आणणारा कायदा 14 डिसेंबर 1995 चा, तो लागू झाला 1996 मध्ये. विलेत्स्की हटले मार्च 1997 मध्ये, क्वाश्निएव्स्की राष्ट्राध्यक्ष असताना. नाटोच्या माद्रिद परिषदेत सदस्यत्वाचं निमंत्रण आलं जुलै 1997 मध्ये, म्हणजे जेमतेम चार महिन्यांनी. आता तक्त्यात कोणतं वर्ष लिहाल?

म्हणून एका देशासाठी चार तारखा वेगवेगळ्या नोंदवा: कायदा मंजूर कधी झाला, लागू कधी झाला, मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यात पहिली उघड झटापट कधी झाली, आणि तिच्यात खुर्ची कोणाची गेली. चौथी नोंद सर्वांत महत्त्वाची. ती वर्तमानपत्रांतून आणि संसदेच्या कामकाजातून काढावी लागते, वेळखाऊ आहे, पण तिला पर्याय नाही. थिंक टँकच्या चारपानी टिपणांत ती सहसा सापडत नाही. ही टिपणं वाचून प्रकरण उभं करणं हा या विषयातला सर्वांत घातक शॉर्टकट.

घाबरू मात्र नका. पहिल्या वर्षी वॉर्सा गाठण्याची गरज नाही. पोलंडच्या संसदेचा 'इसाप' हा कायद्यांचा संग्रह इंटरनेटवर मोफत आहे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या 'नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह'ने त्या काळातले अमेरिकी दस्तऐवज स्कॅन करून ठेवलेत. वाचण्यापुरती पोलिश शिका, बोलता आली नाही तरी चालेल. यंत्रानुवाद कागद शोधायला वापरा, कलमाचा अर्थ लावायला कधीच नको.

गाइडने पहिलाच विषय 'रशियाला वचन दिलं होतं का', म्हणजे नाटो पूर्वेकडे सरकणार नाही असं, हा सुचवला, तर नम्रपणे नाही म्हणा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचं 9 फेब्रुवारी 1990 चं संभाषण उपलब्ध आहे. जर्मनीच्या एकीकरणाबाबतच्या 12 सप्टेंबर 1990 च्या करारात परकीय सैन्याबद्दलचं बंधन फक्त पूर्वीच्या पूर्व जर्मनीपुरतं आहे. या दोन कागदांच्या मधल्या जागेवर नामवंत अभ्यासक वर्षानुवर्षं भांडताहेत, नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

दुसरा देश घ्यायचा तर स्लोव्हाकिया घ्या. 1997 मध्ये तो मागे राहिला तो प्रामुख्याने पंतप्रधान मेचियार यांच्या सरकारच्या लोकशाहीबाबतच्या वर्तनामुळे, आणि नाटोत आला 2004 मध्ये. तिथे चार तारखांचा तक्ता पुरत नाही. विरोधी पक्षांना संसदेत कशी वागणूक मिळत होती, याचा पाचवा रकाना जोडावा लागतो.